तिसऱ्या क्रमांकाचा चेहरा

डिसेंबर आला की नाहूर स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानांसमोर पांढऱ्या शीट्स उभ्या राहतात. पूर्वी थर्माकोल असायचा, त्यावर बंदी आल्यापासून सनबोर्ड असतो. शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनं सुरू होतात आणि ऑफिसमधून परतणाऱ्या आया दुकानदाराला ज्वालामुखीसाठी लाल रंग आणि सूर्यमालेसाठी प्लॅस्टिकचे चेंडू मागत उभ्या असतात. मुंबईत थंडी पडते ती जेमतेम तीन-चार आठवडे. तेवढ्यात लोक हौसेने स्वेटर काढतात, चहाचे फोटो एकमेकांना पाठवतात. मला या हवेचं कौतुक कधी वाटलं नाही.

परवा त्याच दुकानात एक छापील तक्ता टांगलेला दिसला. मानवाची उत्क्रांती. डावीकडे वाकलेला, केसाळ, काळाकुट्ट. मग एकेक पाऊल पुढे टाकत कमी वाकलेला, कमी केसाळ, कमी काळा. आणि उजवीकडे टोकाला ताठ, गोरा, हातात भाला घेतलेला. मी चष्मा वर करून खालची बारीक अक्षरं वाचली. तक्ता मी काढलेला नव्हता. पण असा एक मी काढला आहे. माझं पुढचं सगळं आयुष्य, म्हणजे कला महाविद्यालयातला प्रवेश, पाठ्यपुस्तकांतली चित्रं, हे नाहूरचं घर, त्या तक्त्यापासून सुरू झालं.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. मी नववीत होते. आम्ही अंधेरी पूर्वेला चाळीत राहायचो. बाबा देवगडकडचे, मुंबईत येऊन दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हार्डवेअर, मेडिकल, पिठाची गिरणी, सगळ्यांची नावं त्यांच्या हातची. ब्रश धरायला मी त्यांच्याकडूनच शिकले. शाळा मात्र पश्चिमेला, वेसाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मधल्या सुट्टीनंतर वारा समुद्राकडून फिरला की वर्गात सुकत्या बोंबलांचा वास यायचा. पुढच्या बाकांवरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या आणि मागे वळून हरूकडे बघायच्या, जणू तो वास तिनेच दप्तरातून आणला होता.

हरूचं पूर्ण नाव हरेश्वरी. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. उंच, सावळी, रुंद कपाळाची, केसांना चापूनचोपून तेल लावलेली. तिच्या बाकावर कोणी बसायचं नाही, म्हणून मी बसले आणि दोन वर्षं बसत राहिले. आमची मैत्री खरी होती. एका डब्यात जेवायचो, गणितं तिच्या वहीतून मी उतरवायचे, निबंध माझ्या वहीतून ती. कधी शाळा सुटल्यावर ती आमच्या चाळीतही यायची. पण आज लिहितेय तर हेही लिहायला हवं की मी तिच्याशेजारी बसते, याचं मला स्वतःचं फार कौतुक होतं. इतर मुलींपेक्षा आपण वेगळ्या आहोत, हे मला रोज बाकावर बसल्या बसल्या फुकटात वाटून घेता यायचं.

विज्ञानाला नेने बाई होत्या. शिडशिडीत, एकट्या राहणाऱ्या, खांद्याला कायम एक कापडी पिशवी. त्या पिशवीत एक जाडजूड वही असायची आणि त्यात वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवलेली. कुठे हाडं सापडली की बाईंचा चेहरा उजळायचा. इथिओपियात सापडलेली ती लहानखुरी बाई, जी लाखो वर्षांपूर्वी दोन पायांवर चालत होती. केनियात तळ्याकाठी सापडलेला, जवळजवळ अख्खा सांगाडा राहिलेला मुलगा. आणि सगळ्यांत लाडकी म्हणजे आपल्या नर्मदेकाठची कवटी. तिच्याबद्दल बोलताना बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहायच्या. नदीच्या काठच्या गोट्या-वाळूत घट्ट बसलेला कवटीचा फक्त वरचा भाग मिळाला होता. भुवईचं जाड हाड होतं; जबडा नव्हता, दात नव्हते. ती एखाद्या स्त्रीची असू शकते, असंही काहींचं म्हणणं होतं. बाई म्हणायच्या की इतक्या जवळ, रेल्वेने एका दिवसात पोचू इतक्या जवळ आपली एक नातेवाईक हजारो वर्षं पडून होती आणि आपल्याला पत्ता नव्हता.

हे सगळं वर्गातल्या बाकीच्यांच्या डोक्यावरून जायचं. हरूच्या नाही. हाडं हा तिचा रोजचा विषय होता. तिने एकदा डब्यातून मुशीचा, म्हणजे लहान शार्कचा, वाळलेला जबडा आणला होता, दातांच्या ओळींमागे दातांच्या ओळी. मुशीच्या अंगात खरं हाड नसतंच, सगळं लवचीक असतं, म्हणून ती मेल्यावर नुसते दात मागे राहतात, असं तिने वर्गासमोर सांगितलं. बाई म्हणाल्या की दगडांतही नेमकं तेच घडतं, जुन्या मुशींचे दातच तेवढे सापडतात. त्या दिवसापासून हरू त्यांची आवडती झाली. विज्ञान प्रदर्शनासाठी बाईंनी मानवाच्या उत्क्रांतीचा तक्ता करायचं ठरवलं तेव्हा कामं अशी वाटली: चित्रं मी काढायची, आणि प्रदर्शनात छडी घेऊन समजावून सांगायचं हरूने.

एका मोठ्या हार्डबोर्डवर पाच चेहरे हवे होते. खाली कवटी, वर त्या कवटीचा चेहरा. बाईंनी पुस्तकांतल्या कवट्यांची चित्रं दिली. पहिले दोन चेहरे मी त्या पुस्तकांत बघून काढले. चौथाही तसाच जमला. तिसऱ्यापाशी अडले. तिसरी होती नर्मदेची, आणि तिचं चित्र बाईंच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी विचारलं की जबडाच सापडला नाही, तर तोंड कसं काढू. बाई म्हणाल्या, "अगं, नाक, ओठ, कातडी कुणाचंच सापडत नाही. मातीत जातं ते. तेवढं आपण घालायचं."

तेवढं आपण घालायचं. मी हे वाक्य नंतर पुष्कळ वर्षं मनात घोळवत राहिले आहे. कवटी बिचारी जे आहे तेवढंच सांगते. कातडीचा रंग, ओठांची जाडी, डोळ्यांतली समज किंवा नासमज, हे सगळं चित्रकाराच्या हातातून येतं. आणि तो हात त्या मेलेल्या माणसाबद्दल काही जाणत नसतो, त्यामुळे जिवंत माणसांबद्दल त्याला जे वाटत असतं तेच खाली उतरतं.

मी हरूला समोर बसवलं. चित्रकलेच्या वर्गात, मधल्या सुट्टीत, खिडकीपाशी. सराव करायचाय एवढंच सांगितलं. ती आठ-दहा दिवस रोज बसली, एकदाही हलली नाही, डबा नंतर घाईघाईने खायची. मी समोरून, बाजूने, थोडं खालून अशी सहा स्केचेस केली. तिचं आजवर कोणी चित्र काढलं नव्हतं, साधा फोटोही शाळेच्या ग्रुप फोटोशिवाय नव्हता. ती एकदा म्हणाली की पूर्ण झाल्यावर एक मला दे, मी आयला दाखवीन. मी हो म्हटलं.

पाचवा चेहरा आजच्या माणसाचा हवा होता. तो मी मृणालवरून काढला. मृणाल आमच्या वर्गातली, डॉक्टरांची मुलगी, गोरी, घाऱ्या डोळ्यांची. तिला मी काय काढतेय ते आधी सांगितलं, तिची परवानगी घेतली. ती खूश झाली, दुसऱ्या दिवशी केस धुऊन आली.

म्हणजे मला विचारायचं असतं हे कळत होतं. कोणाला विचारायचं आणि कोणाला नाही, एवढाच काय तो निवाडा मी केला होता, आणि तो करायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. माझं वय चौदा होतं, हे मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. चौदाव्या वर्षी मृणालचं कळलं होतं, हेही मग आठवतं.

रंगकाम घरी केलं. हरूच्या चेहऱ्यावर भुवईचं हाड पुढे काढलं, कपाळ मागे ढकललं, जबडा जड केला, नाक पसरट केलं. रंग तिच्या रंगापेक्षा दोन छटा गडद लावला. डोळे मात्र तसेच ठेवले, कारण ते फार छान जमले होते आणि मला ते बिघडवायचे नव्हते. बाबा संध्याकाळी कामावरून आले, रॉकेलने हात पुसत बोर्डासमोर उभे राहिले. तिसऱ्या चेहऱ्याकडे बोट केलं.

"ह्यां आपल्या हरूचां तोंड मां?"

मी मान डोलावली.

"तिका इचारलंस काय गो?"

मी म्हटलं, होय. बाबा म्हणाले, "बरां केलंस. पाटयेर नाव घालूचा झाला तरी मालकाक इचारूचा लागता. ह्यां तर माणसाचां तोंड." आणि हात धुवायला मोरीत गेले. माझं ते पहिलं खोटं. सोपं गेलं.

प्रदर्शनाच्या सकाळी बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून बाबांनी टॅक्सीने पोचवला. बाईंनी तो स्वतः शिपायाकडून भिंतीवर लावून घेतला. हरू उशिरा आली, बस मिळाली नव्हती. आली ती थेट छडी घेऊन तक्त्याच्या बाजूला उभी राहिली, लोकांकडे तोंड आणि चित्राकडे पाठ करून, कारण बाईंनी तसंच शिकवलं होतं. सगळं तिला पाठ होतं. ती बघायच्या आधी लोकांनी बघितलं. आमच्या वर्गातली मुलं घोळक्याने आली, एकाने दुसऱ्याला कोपर मारलं, तो आधी चित्राकडे आणि मग हरूकडे बघून हसला. मग कोणाचे तरी वडील, चांगले सूटबूटवाले, आपल्या बायकोला म्हणाले की बघ, मॉडेल शेजारीच उभं केलंय. मी दोन हातांवर होते. हरूने वळून पाहिलं.

मला वाटलं ती छडी टाकून जाईल. ती गेली नाही. तिने एकदा सावकाश वरून खाली तो चेहरा पाहिला, पाचवा चेहरा पाहिला, मृणालचा, आणि मग पुन्हा लोकांकडे तोंड केलं. तेवढ्यात परीक्षक आले. एका कॉलेजातले निवृत्त प्राध्यापक होते, पांढरा सदरा, काखेत छत्री. त्यांनी विचारलं की म्हणजे माणूस या पायऱ्यांनी वर चढत आला, असंच ना?

हरू म्हणाली, "नाही सर. ही शिडी नाही. हे एकमेकांचे आजोबा-पणजोबा नाहीत सगळे. काही फांद्या मध्येच संपल्या. आम्ही जागा कमी म्हणून एका ओळीत लावलेत." मग छडी तिसऱ्या चेहऱ्यावर टेकवून ती म्हणाली, "आणि ह्या बाईचं कवटीचं फक्त वरचं हाड मिळालंय. खालचं तोंड मिळालेलं नाही. हे तोंड जिने चित्र काढलं तिने घातलंय."

ती माझ्याकडे बघत नव्हती. आवाज तेवढाच होता जेवढा पाठ केलेल्या भागाला होता. प्राध्यापकांनी मान डोलावली, वहीत काही लिहिलं. दुपारपर्यंत तिने येईल त्या प्रत्येकाला सांगितलं, एक शब्द कमी न करता, आणि जेवणाच्या सुट्टीत छडी भिंतीला टेकवून बसस्टॉपवर गेली. पहिलं बक्षीस आमच्या तक्त्याला मिळालं. प्राध्यापकांनी मला बोलावून पाठ थोपटली आणि बक्षीस समारंभाला आलेल्या बाबांना सांगितलं की या मुलीला चित्रकलेला घाला. हरूच्या बोलण्याचा उल्लेख कोणीच केला नाही.

सोमवारपासून मुलं तिला 'तीन नंबर' म्हणायला लागली. फळ्यावर तीनचा आकडा काढून ठेवायचे. हजेरीत तिचं नाव आलं की मागून कोणीतरी हुंकारायचं. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. त्याच आठवड्यात एकदा नळापाशी तिने मला विचारलं, "शुभा, ती मी आहे ना?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय, कवटीवरून काढलंय ते."

ती बाटली भरून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच नेने बाईंकडे गेली आणि तक्ता काढून ठेवा, असं म्हणाली. तक्ता तेव्हा प्रयोगशाळेत लागला होता आणि पुढच्या, सगळ्या शाळांच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला होता. बाईंनी मला शिक्षकखोलीत बोलावून घेतलं. मी गेले तेव्हा हरू टेबलाशी उभी होती. माझ्या दप्तरात त्या वेळी तिची सहा स्केचेस होती, वीस पावलांवरच्या वर्गात.

बाई म्हणाल्या, "शुभांगी, खरं सांग. हा चेहरा तू हरेश्वरीवरून काढलास?"

"नाही बाई."

बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. न ठेवायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. त्या हरूला समजावू लागल्या, अगदी मायेने, तिच्या खांद्यावर हात ठेवून. मनाला लावून घेऊ नये, थोडंफार साम्य कुठेही दिसतं, आणि समजा दिसलंच तर त्यात लाज कसली, आपण सगळे त्यांचेच वंशज. नेने बाई चांगल्या होत्या, माझ्या आयुष्यात आलेल्या चांगल्या माणसांपैकी एक. पण वंशज आपण सगळे असताना तो आकडा फक्त हरूच्याच नावाला का चिकटला, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. तक्ता जागेवर राहिला. हरू "बरं बाई" म्हणाली आणि माझ्या बाजूने, मला न लागेल अशी, दारातून बाहेर गेली.

त्या रात्री मी ती स्केचेस फाडली आणि पहाटे आईने अंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटवला त्यात घातली. आईने विचारलंसुद्धा नाही. पाटीवाल्याच्या घरात कागद जळतच असतात.

जानेवारीच्या मध्यापर्यंत हरू येत राहिली. बाकावर बसायची, पण डबा वेगळा. मग यायची थांबली. आठवडा गेला, दुसरा गेला. बाबांनी विचारलं की ती पोरगी दिसत नाही हल्ली, आजारी आहे का. मी आधी काहीबाही सांगितलं, मग रडू आलं आणि सगळंच सांगितलं. मला वाटलं ते मारतील. त्यांनी हात उचलला नाही. रविवारी सकाळी त्यांनी चपला घातल्या, माझ्याही दाराशी आणून ठेवल्या आणि म्हणाले, "चल."

वेसाव्याला मी पहिल्यांदाच गेले. दोन वर्षं शेजारी बसत होते आणि कधी गेले नव्हते. किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणल्या होत्या आणि त्यांवर बोंबील वाळत होते, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडीजोडीने टांगलेले. हरू तेच काम करत होती. तिचे हात इतके भराभर चालले होते की मी आधी हातच ओळखले. तिची आय टोपलीपाशी बसली होती, धिप्पाड बाई, गुडघ्यापर्यंत कासोटा. बाबांनी तिला नमस्कार केला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "शालेन काय झाला ते ती सांगत नाय. तुला ठाव हाय काय?" मी बाबांकडे पाहिलं. बाबा तिच्याशी काहीतरी बोलत बाजूला गेले, मला हरूपाशी सोडून.

मी चुकले म्हणाले. ते चित्र तुझंच होतं म्हणाले. उद्या बाईंना सांगते म्हणाले. ती हात न थांबवता ऐकत होती. मग म्हणाली, "एवढे दिवस समोर बसवून बघत होतीस. तुला हेच दिसलं?"

तिने पुढची जोडी दोरीवर टाकली.

"चित्राचं काय नव्हतं ग. मी तिथं उभी राहिली होती ना दुपारपर्यंत? मुलांचं पण काय नव्हतं. बाईंनी विचारलं तेव्हा तू हो म्हणाली असतीस, तर मी आली असती शाळेत. मला वेड्यात काढलंत तुम्ही दोघींनी मिळून."

ती पुढच्या दोरीकडे गेली. मी मागे गेले नाही. परतताना बसमध्ये बाबा एवढंच म्हणाले, "उद्या सांग बाईक." मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकखोलीच्या दाराशी गेले होते. आत बाई कोणालातरी माझ्याबद्दलच सांगत होत्या, की पोरीच्या हातात जादू आहे, पुढच्या प्रदर्शनातही हीच पहिली येणार. मी उभी राहिले. घंटा झाली. मी वर्गात गेले. संध्याकाळी बाबांनी विचारलं तेव्हा मी 'सांगितलं' म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण त्यांना कळलं असावं. त्यानंतर त्यांनी मला कधी पाटीवर ब्रश फिरवायला बोलावलं नाही. मीच मग अभ्यासाचं कारण पुढे केलं.

पुढच्या प्रदर्शनात तक्ता खरंच पहिला आला. एप्रिलमध्ये नववीची वार्षिक परीक्षा झाली. बैठक क्रमांकांच्या यादीत हरूचं नाव होतं, बाकावर खडूने तिचा आकडाही लिहिला होता, आणि पाचही दिवस तो बाक रिकामा राहिला. गणिताच्या पेपरला शेवटचे दोन प्रश्न मला सुटले नाहीत. पुढच्या वर्षी कोणीतरी सांगितलं की तिचं खाडीपलीकडच्या मढला लग्न झालं. वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी दहावीला बसली नाही, आणि शाळेने तिच्या नावावर लाल रेघ मारण्यापलीकडे काही केलं नाही. मीही काही केलं नाही. मी कला महाविद्यालयाच्या प्रवेशाला गेले तेव्हा माझ्या फाइलमध्ये सर्वांत वर त्या तक्त्याचा फोटो होता.

पुढे बरीच वर्षं मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली. आदिमानवाचं पान आलं की संपादक म्हणायचे, नेहमीसारखं करा. एकदा मी विचारलं की याच्या कातडीचा रंग असा होता, हे कशावरून. संपादक भला माणूस होता, त्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, मॅडम, थोडा रानटी दिसला पाहिजे ना. मी त्याला हवा तसा काढून दिला. तेव्हा आणि नंतरही. दरम्यान आणखी हाडं सापडत गेली, एकाच काळात अनेक जातींची माणसं पृथ्वीवर नांदत होती असं दिसलं, त्यांतल्या काहींचा अंश आपल्या रक्तात निघाला. जाणकार आता शिडी हा शब्दसुद्धा टाळतात, फांद्यांबद्दल बोलतात. मासिकात असलं काही वाचलं की मी पान उलटते. मी ते आधी ऐकलेलं आहे, एका चौदा वर्षांच्या मुलीकडून.

नेने बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने मला व्यासपीठावर बोलावलं होतं. बाईंनी भाषणात माझं नाव घेतलं. नंतर चहाच्या वेळी आम्ही दोघीच होतो, त्यांनी माझा हात हातात धरला होता आणि मी सांगू शकले असते. त्या इतक्या आनंदात होत्या की मला वाटलं आज नको. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी त्या गेल्या. मला पेपरातून कळलं.

गेल्या जानेवारीत कामासाठी अंधेरीला गेले होते. काम लवकर आटोपलं आणि पाय वेसाव्याच्या बसकडे वळले. बाजारात मासळीच्या रांगेत शेवटून दुसरी ती बसली होती. मी लगेच ओळखलं. केस पांढरे, हातात हिरव्या बांगड्या, अंगाने भरलेली. शेजारी एक तरुण मुलगी फोनवर बिलं करत होती, तिची सून असावी. मी समोर उभी राहिले.

"काय देऊ बाई? सुरमई ताजी हाय."

मी म्हटलं, "हरू, मी शुभा."

तिने वर पाहिलं. फार वेळ लागला नाही तिला. चेहऱ्यावर काही आलं नाही, हसूही नाही आणि रागही नाही. "बऱ्या आहात ना?" एवढंच म्हणाली आणि सुरमई उचलून पाटावर घेतली. आमच्यात कधीही 'आहात' नव्हतं.

किनाऱ्यावर एकदा तिला हेच सांगून झालं होतं. तरी मी पुन्हा सांगितलं, मासे निवडणाऱ्या बायकांच्या गर्दीत, वाक्यं जशी आली तशी. ते चित्र तुझंच होतं. मी बाईंसमोर खोटं बोलले. दुसऱ्या दिवशीही सांगितलं नाही, कधीच सांगितलं नाही. तिने सुरमईचं डोकं वेगळं केलं, पोट साफ केलं, तुकडे पाडले. सगळे सारखे. मग सुरी पाण्यात बुडवून म्हणाली, "मला कशाला सांगता? मला तर तेव्हाच माहीत होतं. बाईंना सांगायचं होतं."

मी म्हटलं, बाई वारल्या.

"माहीत हाय," ती म्हणाली. "मी गेली होती पोचवायला."

तिने तुकडे पिशवीत भरून माझ्या हातात दिले आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला विचारलं, तुम्हाला काय देऊ.